शिवी झालेलं नाव

रामराम, जय भीम, सलाम आणि दंडवत प्रणाम, मैत्रिणींनो.

यातले पहिले तीन नमस्कार आष्टीच्या बसस्टँडवर रोज कानावर पडतात. चौथा कोणाचा, हे आम्ही एका बचत गटाच्या बैठकीत विचारलं. बारा जणींपैकी दोघींनी हात वर केला. मग विचारलं, 'मानभावी' म्हणजे काय? तेव्हा बाराही जणी एकदम बोलल्या. वरून गोड, आतून कपटी. ओठात एक, पोटात एक.

दोन्ही प्रश्न एकाच पंथाचे होते. 'दंडवत प्रणाम' हा महानुभाव पंथातल्या माणसांचा नमस्कार. आणि 'मानभाव' हा 'महानुभाव' याच शब्दाचा लोकांच्या तोंडी झिजलेला उच्चार. महानुभाव म्हणजे मोठ्या अनुभवाचा, मोठ्या तेजाचा माणूस. असा चांगला शब्द शिवी कसा झाला? एका पंथाच्या नावाला इतकं वाईट वळण का लागलं? आजचं बोलणं त्यावर आहे. हे जुन्या काळाचं पुराण नाही. आमच्या एका गटात यावरून एका बाईचं कर्ज अडलं होतं, म्हणून हा विषय घेतला.

गाईचं कर्ज का अडलं?

गावाचं नाव आम्ही सांगणार नाही, त्या ताईंचंही नाही. लग्न होऊन त्या आपल्या तालुक्यातल्या एका गावात आल्या. सासर महानुभाव. त्यांनीही सासूबाईंबरोबर पंथाचा उपदेश घेतला. उपदेश घेतला म्हणजे एका परमेश्वराचीच भक्ती करायची, दुसऱ्या देवतांची पूजा करायची नाही, त्यांचा प्रसाद घ्यायचा नाही, जीव मारायचा नाही, मांस आणि दारूला शिवायचं नाही.

गावच्या जत्रेला गटातल्या बायकांनी कंदुरीसाठी वर्गणी काढली. ताईंनी दिली नाही. जेवायलाही गेल्या नाहीत. श्रावणात सत्यनारायणाचा प्रसाद वाटला, तो त्यांनी हातात घेतला नाही. कारण कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. "ते लोक काळी विद्या करतात." "त्यांच्या घरचं पाणी पिऊ नये." "त्यांच्या पोथ्या कुणाला वाचताच येत नाहीत, मग आत काय लिहिलंय कोण जाणे."

ताईंचा हप्ता कधी चुकला नव्हता. दुभती गाय घ्यायला त्यांनी गटाकडे वीस हजारांचं कर्ज मागितलं. पहिल्या महिन्यात उत्तर मिळालं, "पुढच्या बैठकीत बघू." दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या मागून अर्ज केलेल्या बाईला कर्ज मिळालं.

इथे आमचीही चूक सांगतो. समन्वयक म्हणून त्या तिन्ही बैठकींना आमच्यातली कोणी ना कोणी हजर होती. खरं कारण आम्हाला कळत होतं. "देवाधर्माचा विषय आहे, आपण कशाला बोला," म्हणून आम्ही गप्प बसलो. शेवटी त्या ताईच म्हणाल्या, "मी काय चोरी केली व्हय? हप्ता थकवला का कुणाचा? मग काहून माझंच नाव मागं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही वाचत बसलो, जाणत्या माणसांना भेटलो. जे समजलं ते तुमच्यापुढे मांडतो.

हा पंथ आपल्याच मातीतला

महानुभाव पंथ कुठून लांबून आलेला नाही. साधारण साडेसातशे वर्षांपूर्वी, तेराव्या शतकात, देवगिरीवर यादवांचं राज्य असताना गोदावरीच्या काठी तो उभा राहिला. पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर स्वामी. ते मूळचे गुजरातच्या भडोचकडचे, पण त्यांनी सारं काम महाराष्ट्रात आणि मराठीत केलं. त्यांचे गुरू गोविंदप्रभू अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे. गावचे लोक गोविंदप्रभूंना माय आणि बाप दोन्ही समजत.

आपल्या बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी पांचाळेश्वर आहे. ते पंथाचं मोठं तीर्थ. तिथे दत्तात्रेय प्रभूंचं स्थान आहे आणि लांबलांबून महानुभाव मंडळी येतात. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या देवस्थानाला येणाऱ्या माणसांना आपण परके समजतो.

पंथाची शिकवण थोडक्यात अशी. परमेश्वर एक आहे. श्रीकृष्ण, दत्तात्रेय प्रभू, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे त्याचे पाच अवतार, त्यांना पंचकृष्ण म्हणतात. बाकीच्या देवता आहेत, पण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांची भक्ती नाही. अहिंसा पाळायची. संन्यास घेतला तर घर सोडून भिक्षा मागून राहायचं, आणि भिक्षा सगळ्या जातींच्या घरी मागायची. हा मार्ग बाईला खुला, पुरुषाला खुला, ब्राह्मणाला खुला आणि शूद्रालाही.

मग विरोध का झाला?

मैत्रिणींनो, कुठल्याही नव्या विचाराला विरोध होतो तेव्हा लोक देवाचं नाव पुढे करतात. मागे मात्र बहुतेक वेळा कोणाचा तरी हिशोब बिघडलेला असतो. इथे चार हिशोब बिघडले.

पहिला हिशोब दक्षिणेचा. यादवांच्या दरबारात हेमाद्री, म्हणजे आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो, तो मोठा अधिकारी होता. त्याने 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. कोणत्या तिथीला कोणतं व्रत, कोणतं दान, कोणतं श्राद्ध, सगळं त्यात आहे. बारा महिने व्रतंच व्रतं. त्याच काळात चक्रधर सांगत होते की या व्रतांनी आणि देवतांनी मोक्ष मिळत नाही. ज्यांचं पोट आणि मान त्या व्रतांवर चालत होतं, त्यांना हे कसं रुचेल?

दुसरा हिशोब जातीचा. सगळ्यांच्या घरची भिक्षा खायची म्हटल्यावर सोवळं-ओवळं कुठे टिकणार?

तिसरा हिशोब भाषेचा. धर्माचं ज्ञान संस्कृतात होतं, म्हणजे थोड्याच लोकांच्या ताब्यात होतं. चक्रधर मराठीत बोलले. त्यांच्या मागून पंथाची धुरा नागदेवाचार्यांनी सांभाळली. एकदा शिकलेले शिष्य त्यांना संस्कृतात प्रश्न विचारू लागले. नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीत बोलायला लावलं, कारण संस्कृतात बोललं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायकांचं नुकसान होईल, त्या ज्ञानाला मुकतील. विचार करा, सातशे वर्षांपूर्वी एक आचार्य म्हातारीला समजलं पाहिजे म्हणून भाषा ठरवतो आहे. आजही एखाद्या कार्यालयात असा कागद वाचायला मिळाला की सांगा आम्हाला.

चौथा हिशोब बायकांचा, आणि तो सगळ्यांत मोठा. चक्रधरांच्या भोवती बायका होत्या. बाइसा, नागाइसा, आउसा, महदाइसा. कोणी विधवा, कोणी घर सोडून आलेली. त्या ऐकत होत्या, प्रश्न विचारत होत्या, वादही घालत होत्या. महदाइसा तर इतके प्रश्न विचारायची की तिच्या जिज्ञासेचं स्वामींनी कौतुक केलं. पुढे रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीळेच्या वेळी तिने 'धवळे' रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. म्हणून मराठीतली पहिली कवयित्री असा महदाइसेचा मान आहे. आपण हळदीला आणि मांडवात जी गाणी म्हणतो, त्यांच्या घराण्यातली ती थोरली आजी समजा.

पाळीच्या विटाळाबद्दलही पंथाच्या ग्रंथात स्वामींचं सांगणं आहे. शरीराच्या दारांतून जसे इतर स्राव येतात तसाच हा एक, येतो आणि थांबतो, त्याचा विटाळ कसला. आपल्या भागात आजही पाळीच्या बाईला चुलीपासून आणि देवघरापासून लांब बसवतात. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या किती बहिणींनी पाळीची कटकट नको म्हणून पिशवी काढून टाकली, हे बीड जिल्ह्याला सांगायला नको. त्या काळी हे बोलणं किती जणांना झोंबलं असेल याचा अंदाज करा.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. पंथात सगळंच बाईच्या बाजूचं होतं असं नाही. संन्यासी पुरुषांना घालून दिलेले नियम फार कडक होते. बाईचं चित्रसुद्धा बघू नये, इथपर्यंत. पण बाईला मोक्षाचा अधिकार आहे आणि तिने शिकावं, यावर शंका नव्हती.

स्वामींचं काय झालं?

पैठणला विद्वानांची सभा भरली आणि स्वामींवर आरोप ठेवले गेले. त्यात बायका त्यांच्या मागे जातात हा मोठा आक्षेप होता. पुढे काय झालं यावर दोन मतं आहेत. पंथाची श्रद्धा अशी की स्वामींना छळ सोसावा लागला, पण ते उत्तरेकडे निघून गेले आणि आजही आहेत. काही इतिहासकार म्हणतात की त्यांचा वध झाला. आम्ही निवाडा करणार नाही. पंथाच्या माणसाशी बोलताना त्यांची श्रद्धा ऐकून घ्यावी, एवढं आम्हाला कळतं. सत्तेतल्या माणसांनी त्यांचा छळ केला, यावर मात्र वाद नाही.

स्वामी गेल्यावर म्हाइंभट नावाचा विद्वान शिष्य गावोगाव फिरला. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना भेटून त्याने आठवणी गोळा केल्या. त्यातून 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठी गद्यातला हा पहिला मोठा ग्रंथ मानतात. त्यात त्या काळची शेतं, बाजार, जेवण, भांडणं, बायकांचं बोलणं सगळं सापडतं.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या आणि धावपळीत मूळ पोथी हरवली. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ती पुन्हा लिहून घेतली गेली. त्या पाठांपैकी एक हिराइसा नावाच्या बाईच्या नावाने ओळखला जातो. बाईच्या स्मरणात राहिलेलं पुस्तक! आपल्यातल्या ज्या मावशीला वही न उघडता सगळ्यांचे हप्ते पाठ असतात, तिला हे कळायला वेळ लागणार नाही.

कुलूप लावलं आणि संशय वाढला

आता आजच्या बोलण्याचा गाभा ऐका.

विरोध होतो आहे, पोथ्या हरवत आहेत, बाहेरचे लोक हसतात, नावं ठेवतात. अशा वेळी पंथाने आपलं ज्ञान जपायला एक उपाय केला. पोथ्या गुप्त लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा अनेक लिप्या तयार झाल्या. भाषा मराठीच, पण अक्षरांची अदलाबदल. ज्याला किल्ली माहीत तोच वाचणार. चोरापासून आपण धान्य कणगीत झाकतो तसं हे झाकणं होतं.

धान्य वाचलं. पण शेजाऱ्यांना वाटू लागलं, झाकतात म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. पोथी वाचता येत नाही, मग तिच्यात जादूटोणा आहे असं लोक सांगू लागले. पंथाचे संन्यासी एके काळी काळी वस्त्रं नेसत, त्याचीही गोष्ट झाली. प्रसाद घेत नाहीत, मग देवाचे वैरी आहेत असंही पसरलं. संतांच्या नावावर चालणाऱ्या काही रचनांतही मानभावांची निंदा शिरली. असं होता होता नावाचीच शिवी झाली.

निंदा वाढली तसा पंथ आणखी मिटला. पंथ मिटला तशी निंदा वाढली. जात्याचा एक पाळू गुपिताचा, दुसरा अफवेचा, आणि मधे भरडली गेली साधी माणसं.

इतकं होऊनही पंथ संपला नाही. तो पंजाबात गेला, तिथे त्याला जयकृष्णी पंथ म्हणतात. पेशावर आणि काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. आपली मराठी पोथी तिकडच्या मठात वाचली जात होती, आणि इकडे आपण तिच्यापासून लांब होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. पंथातल्या काही महंतांनीही मन मोठं करून पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. कुलूप उघडलं. आत जादूटोणा निघाला का? निघाली ती आपली जुनी मराठी, आपल्या आज्यांची नावं, आपली गावं. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीचा जुनेपणा सांगताना लीळाचरित्राचं नाव पुढे येतं. मराठी भाषेचं विद्यापीठही रिद्धपूरलाच सुरू झालं आहे. ज्यांना शिवी दिली, त्यांनीच आपल्या भाषेची ठेव सांभाळली होती.

सातासमुद्रापारही हेच

हे फक्त आपल्याकडे घडलं असं समजू नका. अमेरिकेत मॉर्मन नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. 1830 मध्ये जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने तो सुरू केला. बायबलच्या जोडीला आपल्याला आणखी एक धर्मग्रंथ मिळाला आहे, असं त्याचं सांगणं होतं. त्या ग्रंथाचं नाव 'मॉर्मनचा ग्रंथ'. विरोधकांनी त्यावरून या लोकांना 'मॉर्मन' म्हणून हिणवायला सुरुवात केली. पंथाचं खरं नाव 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. आम्हाला पूर्ण नावाने ओळखा, असं त्यांच्या प्रमुखांनी 2018 मध्ये लोकांना सांगितलं. म्हणजे तिथेही नावापासूनच भांडण.

ही माणसं गटाने राहत, एकमेकांकडूनच खरेदी करत, एकगठ्ठा मतं देत. शेजाऱ्यांना भीती वाटली. 1838 मध्ये मिसुरी राज्याच्या गव्हर्नरने हुकूम काढला की या लोकांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर संपवा. तो हुकूम कागदावरून रद्द व्हायला 1976 साल उजाडलं. 1844 मध्ये जमावाने तुरुंगात शिरून जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. मग हजारो माणसं बायकापोरांसह बैलगाड्या घेऊन निघाली. 1847 पासून ती युटा नावाच्या कोरड्या, ओसाड प्रदेशात वस्ती करू लागली. पाट काढून त्यांनी शेती उभी केली. दुष्काळी आष्टीच्या माणसाला त्यातले कष्ट समजतील.

1850 नंतरच्या काही वर्षांत त्यांचे काही प्रचारक मुंबई-पुण्यातही आले होते. त्यांना इथे फार माणसं मिळाली नाहीत, विरोध मात्र पुष्कळ मिळाला.

पण त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांच्यात एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल होती. आधी ती लपवली गेली, 1852 मध्ये उघड सांगितली गेली. देशभर गदारोळ झाला, सरकारने कडक कायदे केले, आणि 1890 मध्ये पंथाने ती चाल सोडत असल्याचं जाहीर केलं. 1857 मध्ये त्यांच्यातल्या काही लोकांनी वाटसरूंच्या एका तांड्यावर हल्ला करून सुमारे सव्वाशे माणसं मारली. त्यात बायका-मुलंही होती. ज्याचा छळ झाला तो नेहमी निर्दोष असतो असं नाही. छळाची भीती मनात घेऊन बसलेला माणूसही दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो.

बायकांचं तिथे काय झालं बघा. युटामध्ये बायकांना 1870 मध्येच मताचा हक्क मिळाला. काही लोकांना वाटलं, आता या बायका मत देऊन अनेक लग्नांची चाल मोडतील. तसं झालं नाही. तेव्हा 1887 मध्ये सरकारने पंथाला वठणीवर आणायला जो कायदा केला, त्यात बायकांचं मतच काढून घेतलं! चाल पुरुषांच्या सोयीची, आणि शिक्षा बायकांना. मताचा हक्क परत मिळाला तो युटा राज्य झालं तेव्हा, 1896 मध्ये.

दोन्हीकडची गोष्ट वेगळी आहे. महानुभाव अहिंसा पाळणारे, मॉर्मन बंदूक बाळगणारे. पण जातं तेच. वेगळं वागणं, मग भीती, मग निंदा, मग लपवाछपवी, आणि त्यातून आणखी निंदा.

मग आपण काय करायचं?

चौथ्या बैठकीत आम्ही ठरवलं की गप्प बसायचं नाही. आधी त्या ताईंना घरी जाऊन विचारलं, "तुमच्या पंथाबद्दल बैठकीत बोलाल का? नको असेल तर राहू द्या." त्या म्हणाल्या, "मी बोलते, पण सासूबाईंना येऊ द्या."

सासूबाई आल्या. त्यांना कोणी काही विचारायच्या आतच त्यांनी सगळ्यांना दंडवत घातला. म्हणाल्या, "आम्ही कुणाच्या देवाला वाईट म्हणत नाही. आमच्या बाईने नवरा एक केला तसा आम्ही देव एक केला. तुमच्या दारचा प्रसाद नाही घेत, पण तुमच्या दारचं दुखणं घेतो. बोलवा कधीही." एक-दोघी हसल्या, एकीने डोळे पुसले. तिच्या बाळंतपणात रात्री धावून आलेल्या याच सासूबाई होत्या.

मग आम्ही गटाची पंचसूत्री मोठ्याने वाचली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नीट लिहिलेला हिशोब. विचारलं, यात प्रसादाचा उल्लेख कुठे आहे? वर्गणीचा कुठे आहे? त्या दिवशी कर्जाचा ठराव झाला. गाय आली. दोन हप्ते वेळेवर जमाही झाले.

गोड शेवट करून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. गटातली एक बाई अजूनही त्यांच्या घरी पाणी पीत नाही. एकीने तर विचारलं, "आज हिने प्रसाद नाकारला, उद्या सगळ्याच नाकारतील, मग जत्रा कशी व्हायची?" प्रश्न खरा आहे. जत्रा करायची, पण ती गटाच्या पैशातून करायची नाही आणि सक्तीची वर्गणी घ्यायची नाही, असं आम्ही ठरवलं. ज्याची श्रद्धा त्याचा खिसा.

तुमच्या गटातही अशी वेळ येईल. कुणी महानुभाव असेल, कुणी बौद्ध, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. कुणी सावरगावच्या मायंबाला जाणारी, कुणी माळकरी, तर कुणी कशालाच न मानणारी. तेव्हा चार गोष्टी करून बघा.

ऐकलेलं पुढे सांगण्याआधी विचारा, "हे तुला कोणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का?" बहुतेक अफवा दुसऱ्या प्रश्नालाच गळून पडतात.

ज्याच्याबद्दल बोलणं चाललं आहे, त्यालाच विचारा. पण चौकशी साहेबासारखी नको, शेजारणीसारखी करा. सांगायचं नसेल तर तोही तिचा हक्क आहे.

जिची श्रद्धा वेगळी आहे तिनेही जमेल तेवढं मोकळं बोलावं. "मी प्रसाद घेत नाही, कारण माझा नेम आहे," हे एक वाक्य वेळेवर बोललं असतं तर कदाचित गाय तीन महिने आधी आली असती. अर्थात, बोलायची हिंमत व्हावी असं वातावरण करणं हे आपलं, बाकीच्यांचं काम.

आणि कायदा माहीत असू द्या. आपापल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचा हक्क संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. कुणी उपदेश घेतला किंवा सोडला म्हणून तिच्याच जातीने किंवा समाजाने तिला वाळीत टाकलं, लग्नकार्यातून आणि पाण्यापासून दूर ठेवलं, तर महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. पण श्रद्धेच्या नावाखाली कुणी फसवत असेल, मारत असेल, मुलीचं लहान वयात लग्न लावत असेल, तर तिथेही गप्प बसू नका. श्रद्धेचा मान ठेवायचा, अन्यायाचा नाही.

त्या ताईंच्या सासूबाईंनी जाताना आम्हाला विचारलं, "तुम्ही रेडिओवर बोलता ना? मग एकदा आमचा नमस्कार म्हणाल का? गावाला निदान ऐकू तरी जाईल, शिवी सोडून."

म्हणून आज सुरुवात तशी केली, आणि शेवटही त्याच शब्दांनी करतो.

दंडवत प्रणाम, मैत्रिणींनो. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.